'बर्नआउट'ला थकवा म्हणावे, वीट म्हणावे की करपणे?

प्रश्न : गोव्यात कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात स्वागतकक्ष सांभाळणारी माझी धाकटी बहीण हंगाम संपता संपता घरी म्हणाली, "मला बर्नआउट झालाय." आईने विचारले, "म्हणजे थकवाच ना? चार दिवस सुशेगाद राहा." बहीण गप्प झाली. या अवस्थेला मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : 'थकवा' आणि 'शीण' हे दोन्ही शब्द येथे अपुरे पडतात, कारण शीण उतरतो, एका गाढ झोपेने शिणवटा जातो, आणि बर्नआउटची तक्रारच अशी असते की रजा संपवून परतल्यावर पहिल्याच दिवशी पूर्वीइतकेच रिते वाटते. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणारे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये हा शब्द कामाच्या संदर्भात मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, त्याची तीन अंगे दिली आहेत : शक्ती संपणे, कामाविषयी मन दुरावणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. तेथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण, एवढाच त्याचा संदर्भ आहे.

यांतील दुसऱ्या अंगाला 'वीट' आणि 'उबग' हे शब्द चपखल बसतात, मात्र वीट आलेला माणूस काम टाकून उठतो, आणि येथे माणूस हसतमुखाने पाहुण्यांना चावी देत राहतो.

मला 'करपणे' जवळचे वाटते. उकड्या तांदळाची पेज मोठ्या जाळावर ठेवली आणि पाणी आटत गेले, तर वरून ती पांढरीशुभ्र दिसत असते, पण तळाला लागलेली असते, आणि करपट वास सुटेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पेज करपली म्हणून तांदळाला कोणी बोल लावत नाही. जाळ आणि पाणी पाहतात. बर्नआउटवर संशोधन करणारे मानसतज्ज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनीही कारणे माणसाच्या स्वभावापेक्षा कामाचा भार, निर्णयाची मोकळीक, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये यांत शोधली. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते : करपलेली पेज सुधारत नाही, माणूस सुधारतो.

'सुशेगाद'विषयीही लिहिले पाहिजे. पोर्तुगीजमधून आलेला हा शब्द निवांत समाधानाचा आहे. मात्र रात्रपाळी संपवून त्याच दिवशी दुपारी पुन्हा ड्युटीवर उभे राहणाऱ्या मुलीला तो सल्ला म्हणून दिला, की दोष तिच्याच गळ्यात पडतो. तिने आधी सलग पाळ्या तोडून मागाव्यात आणि आठवड्याची सुट्टी फोनविना घ्यावी. कामापासून दूर असतानाही झोप नाही, कशातच मन रमत नाही, असे असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवावे किंवा 14416 या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, बोलावे.

प्रश्नकर्ता : आपले आभार. काल बहीण आईला म्हणाली, "आई, मी करपले गं." आईने लगेच विचारले, "एवढा जाळ कोणी केला?" आणि बोलणे प्रथमच तिच्या पाळ्यांच्या वेळापत्रकावर आले.