आत आल्यावर टोपी काढायची की ठेवायची? तुमच्याकडचे अनुभव लिहा

सीमेवरचा
काल बेळगावात टिळकवाडीत एका बँकेत गेलो, पाऊस होता म्हणून डोक्यावर कॅप. दारातच वॉचमननं हात आडवा केला, "सर, टोपी तेगीरी," कन्नडमध्ये काढा म्हणे. कॅमेऱ्यात तोंड दिसायला पाहिजे. काढली की, त्यात काय. पण रांगेत उभारल्यावर आज्जाची आठवण आली आणि कशाला आलोय तेच विसरलो.

आज्जा शेतकरी, येळ्ळूरकडचा. सकाळी तोंड धुतलं की पांढरी टोपी डोक्यावर, ती रात्री झोपताना खुंटीला. जेवताना पण टोपी, पाहुण्यांत पण टोपी, देवळात पण. २०१२च्या आसपास आधार काढायला नेलं तर फोटोवाला पोरगा म्हणाला, "आज्जा, टोपी काढा." आज्जा म्हणाला, "का? कोण गेलंय?" पोरगं माझ्याकडं बघतंय, मी पोराकडं. आईनं घरी आल्यावर सांगितलं, मयत झाली तरच बाप्या माणूस चारचौघांत बोडका होतो. तिथं मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं स्वतःची टोपी काढून मांडीवर ठेवली, काही बोलला नाही, मग आज्जानं काढली. तोवर मी आज्जाचं कपाळच बघितलं नव्हतं! भुवयांच्या वर दोन बोटांवर सरळ रेघ, खाली करपलेलं, वर गोरंपान, लहान पोराच्या पोटासारखं. कार्ड आलं तेव्हा आज्जी म्हणाली हे कुणाचं आणलाय.

लिहा तुमचं.

निपाणीकर
"कोण गेलंय" 😂😂 आमचे आबा पण सेम. आणि बोडक्यानं कुणी दारात आलं की आधी पाणी देऊन विचारायचे, सगळं ठीक हाय न्हवं?

कॅम्पातला
आमचे वडील मिलिटरीच्या मेसमध्ये होते, आमच्या घरी उलटं. आत आलं की टोपी काढ. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं आमच्या गल्लीत निम्मे रिटायर्ड, सगळ्यांची तीच सवय. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट मारायचा नाही, नुसतं सावधान. लहानपणी मी अंघोळ करून टॉवेलवर सॅल्यूट मारला तर वडिलांनी आधी डोक्यावर टोपी ठेवली मग म्हणाले आता मार. चड्डीचं काही बोलले नाहीत.

खानापूरची_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. नणंदेच्या मैत्रिणीचं लग्न चर्चमध्ये होतं, आमच्या तालुक्यात ख्रिश्चन घरं बरीच. सासरे फेटा बांधून आले, लग्न म्हटल्यावर बांधणारच की. तिथं पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं आणि म्हाताऱ्या बायका डोक्यावरनं पदर घेऊन. सासऱ्यांना कुणीतरी हळूच सांगितलं तर म्हणाले लग्नात बोडका बसलो तर नवरीला काय वाटेल. पाद्री लांबनं बघून हसले आणि मानेनंच राहू दे म्हणाले. नंतर ग्रुप फोटोत सगळे नवरी सोडून सासऱ्यांच्या शेजारी. आणि गुरुद्वारात गेलो तेव्हा ह्यांच्या डोक्यावर रुमाल बांधायला लावला, तो उडून पडला, ते वेगळंच. शिट्टी झाली.

निवृत्त_मास्तर
यात एक गंमत आहे. इंग्रज साहेब आत आला की हॅट काढणार, बूट तसेच. आपला माणूस पायताण बाहेर काढणार, पागोटं तसंच. दोघंही मानच देतायत, एक वरनं काढतो एक खालनं. त्यामुळं दरबारात बूट घालून यायचं की नाही यावरनं त्या काळात बरीच भांडणं झाली. पागोटं काढ असं साहेब सहसा म्हणत नव्हता. आपल्याकडं पागोटं उतरवणं म्हणजे अब्रू घेणं, आणि स्वतःहून कुणाच्या पायावर ठेवलं तर मग संपलंच.

गल्लीतला_पुढारी
आपल्या बेळगावात १९२४ला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, तेव्हापासनं सगळ्यांनी गांधीजींसारखी टोपी घातली असं आमचे आज्जा सांगायचे

निवृत्त_मास्तर
गांधीजींनी स्वतः १९२१मध्येच मदुराईत टोपी आणि सदरा सोडला होता, फक्त पंचा. १९२४ला बेळगावात आले ते बोडक्यानंच. टोपी बाकीच्यांच्या डोक्यावर राहिली.

गल्लीतला_पुढारी
म्हणजे आज्जानं आम्हाला टोपी घातली 🙏

निपाणीकर
😂😂😂

चौथीच्या_बाई
माझ्याकडनं एकदा चूक झाली, ती सांगते. थंडीत पोरं कानटोपी घालून येतात, वर्गात काढायची असा माझा नियम. एकजण काढेना. मी म्हटलं काढ, नाही म्हणतो, मी सरळ ओढली. गुळगुळीत डोकं, सगळा वर्ग हसला. तिरुपतीला जाऊन आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी तो लाडू घेऊन आला, सगळ्यांना वाटला, मला दिला नाही. बरोबरच केलं.

मु_पो_चिक्कोडी
टोपी काढायचं सगळे लिहितायत, घालायचं कुणी लिहीना. बाबा गेले तेव्हा मी बावीसचा, डोकं भादरलेलं. दिवस झाल्यावर मामांनी दुखवट्याचा टॉवेल-टोपी आणला. मी जन्मात टोपी घातलेली नव्हती. मामांनी पाटावर बसवून टोपी डोक्यावर ठेवली, ती मोठी होती, कानावर आली. मामांनी ती दोन्ही हातांनी मागं ओढून बसवली आणि हात तसेच ठेवून रडायला लागले. मी त्यांना म्हणतोय मामा, साईज चुकली. का म्हणालो मला अजून कळत नाही. ती टोपी परत घातली नाही, कपाटात आहे.

खानापूरची_सून
अरे देवा. वाचून भात करपला.

कॅम्पातला
@मु_पो_चिक्कोडी 🙏

नवीन_जावई
विषय सोडून विचारतो, मंगळवारी सासरवाडीला बारसं आहे, चार म्हाताऱ्यांना आहेर द्यायचाय. चांगली खादीची टोपी कुठं मिळेल? आणि साईज कशी विचारायची, डोकं मोजून देणार काय

निपाणीकर
बेळगावात असशील तर गणपत गल्ली, खडेबाजार फीर. न विचारता मोठीच घे, धुतल्यावर आटते.

नवीन_जावई
आणि मी स्वतः घालू काय? सासऱ्यांसमोर कॅप चालत नाही म्हणे.

सीमेवरचा
घाल की. फक्त आतनं प्राइसचं स्टिकर काढ, मी लग्नात तसंच बसलो होतो.