चाल आधी, शब्द नंतर: अंतऱ्यात अडतंय कुठे?

आधी तयार असलेल्या चालीवर गाणं लिहिताना मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ) जमतो पण अंतऱ्यात (पुढच्या कडव्यात) शब्द कोंबल्यासारखे वाटतात, अशी तक्रार या चर्चेत दोघांनी केलीय. दोष बहुतेक वेळा शब्दांचा नसतो, लघु-गुरूचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा असतो.

चाल आधी 'ल' आणि 'ला'वर गाऊन फोनमध्ये रेकॉर्ड करा. आखूड सुराला ल, लांबवलेल्याला ला. ताल दादरा असेल तर सहा-सहा मात्रांचे (ठोक्यांचे), केरवा असेल तर आठ-आठचे खण पाडून हे कागदावर उतरवा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खूण करा. आता शब्द शोधा. लांब सुरावर लघु अक्षर आलं की अर्थच फिरतो: 'कळी' ताणली की ऐकणाऱ्याला 'काळी' ऐकू येते, 'दिन' ताणला की 'दीन'. समेवर 'आणि', 'तर', 'की' नकोच. तिथे वजनदार शब्द हवा.

अंतरा सहसा तार षड्जाकडे (वरच्या 'सा'कडे) चढतो. तिथे 'आ' किंवा 'ओ' असलेलं अक्षर ठेवा, 'ई'-'ऊ'वर बऱ्याच गळ्यांचा आवाज चिमटतो. ओळीच्या शेवटी चार मात्रा थांबायचं असेल तर 'पाऊस' चालत नाही, 'स'वर सूर टिकत नाही. 'पावसा' अशी हाक घातली की खुशाल थांबता येतं.

पट्टीही, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा तेही, आत्ताच ठरवा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर 'सा' धरून) बांधलेली चाल काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला दिली की श्वासाच्या जागा पुन्हा तपासाव्या लागतात. अंधेरीत तासावर घेतलेल्या स्टुडिओत हे करत बसणं फार महाग पडतं.