एजंट हुशार आहे म्हणून टूलचं वर्णन लिहायचंच नाही का?

यंत्रमागवाला
काल इथं एकानं ठोकून दिलं, "मॉडेल आता इतकं हुशार झालंय की टूलला नाव दिलं की बास, वर्णन लिहीत बसणं म्हणजे टाइमपास." डोकंच फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा टॉवेल-चादरीचा धंदा, सोलापुरात अक्कलकोट रोडला. पोरानं ऑर्डरच्या सॉफ्टवेअरला एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआय एजंटला ते सॉफ्टवेअर वापरू देणारा दुवा, लावून दिला, आता पार्टीचा मेसेज एजंट वाचतो अन् एन्ट्री मारतो. टूल म्हणजे एजंटला करायला दिलेलं एकेक काम. त्या टूलचं नाव 'क्रिएट ऑर्डर', वर्णन काय, तर "ऑर्डर तयार करते". वा! रकाना 'क्वांटिटी'. आमच्यात टॉवेल डझनात अन् चादर नगात हे शेंबड्या पोरालाबी माहीत, पण सॉफ्टवेअर सगळं नगात धरतं. पार्टीनं लिहिलं "टॉवेल ४०", एजंटनं ४० टाकले. ४८० च्या जागी ४० टॉवेल गेले, आणि पार्टीनं तेलुगूत जे काय ऐकवलं ते सगळं मला समजलं, हे माझं दुर्दैव. चूक एजंटची? नियम तर मुनीमजींच्या डोक्यात होता. नवीन पोरगं चहा पिता पिता विचारून घेतं, हा लिहिलंय तेवढ्यावर पुढं जातो.

का_बे_डेव्हलपर
का बे मालक, हा डॉक्युमेंटेशनचा लोचाच नाही, रकाना चुकलाय. एककाचा वेगळा रकाना टाका, पर्याय दोनच, नग नाहीतर डझन, अन् कंपल्सरी करा. वर्णन म्हणजे विनंती, मॉडेल वाचेल, पाळेलच असं नाही. चुकीचं आलं तर सर्व्हरनंच परत पाठवायचं. अन् ही वर्णनं दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल वाचतं त्या मजकुरात जातात, टोकनचं (मजकुराच्या तुकड्यांचं) बिल कोण भरतं? माझ्या एका क्लायंटनं ३० टूलना निबंध लिहिलते, एजंट भलतंच टूल उचलायचा. निम्मी टूल उडवली तेव्हा ताळ्यावर आला.

यंत्रमागवाला
टाकला की तुझा रकाना. आता "टॉवेल ४०" मध्ये एककच नाही, तर नग निवडायचं का डझन हे त्याला कोण सांगणार, तुझा सर्व्हर?

शनिवारची_हुतात्मा
दोघांनाही एक सांगतो, काय लिहायचं ते इंग्रजीत लिहा. देवनागरीला टोकन जास्त लागतात. आमच्याकडं पुण्यात सगळं इंग्रजीतच असतं.

शेंगाचटणी
आले पुणेकर! अरे मुनीमजींना इंग्रजी येत नाही, नियम त्यांना माहिती. इंग्रजीत लिहायचं म्हणलं की लिहिणार तुमच्यासारखा हिंजवडीतला, ज्याला डझन म्हणलं की केळी आठवतात. आधी पोरं पुण्याला जातात, मग तिथून आम्हाला भाषा शिकवतात.

शनिवारची_हुतात्मा
हौसेनं गेलो का मी? ४ वर्षं इथं काम शोधलं, १२ हजारावर कोण ठेवायला तयार नव्हतं. आई इथं एकटी, दर शनिवारी गाडी पकडून येतो. आल्यावर पहिलं काम काय, तर पाणी भरणं, कारण चार दिवसाआड येतं. गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी सुट्टी टाकून येतो, तू गेलतास का ह्या वर्षी?

शेंगाचटणी
पाण्याचं काढू नको, ते आम्ही रोज भोगतो, तू फक्त शनिवारी. आणि जत्रेचं मला सांगतो? माझं घर सिद्धेश्वर तळ्यापासून चालत पाच मिनिटं.

शनिवारची_हुतात्मा
म्हणजे नाही गेलास.

का_बे_डेव्हलपर
ओ, तुमचं झालं का? जत्रेचा वेगळा धागा काढा.

मालक, एक कबूल करतो, तुमच्यासाठी नाही, मीच एकदा तोंडावर पडलोय म्हणून. एका दुकानाच्या सिस्टिमला 'क्लोज ऑर्डर' आणि 'कॅन्सल ऑर्डर' अशी दोन टूल दिलती. क्लोज म्हणजे माल गेला, बिल फाडा. गिऱ्हाईकानं लिहिलं "माझी ऑर्डर बंद करा", एजंटनं इमानदारीत क्लोज मारलं, न गेलेल्या मालाचं बिल गिऱ्हाईकाच्या हातात. मग दोन्हीखाली "हे कधी वापरायचं, कधी नाही" अशी एकेक ओळ टाकली, तेव्हा थांबलं. एक ओळ हां, निबंध नाही.

यंत्रमागवाला
मालक गेला नाही हे तुझ्या त्या लाडक्या सर्व्हरनं का नाही तपासलं?

का_बे_डेव्हलपर
'माल गेला नाही' म्हणायचंय ना तुम्हाला. तपासायला पाहिजे होतं. नव्हतं तपासलं. खूश?

यंत्रमागवाला
लई. मग मीही एक देतो. आमच्याकडं तारीख चुकली की फक्त "इनव्हॅलिड इनपुट" यायचं, एजंट तीच तारीख पाच-पाच वेळा फेकायचा. पोरानं मेसेज बदलून "आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, २०२५-०४-०५ असं द्या" केलं, दुसऱ्या झटक्यात बरोबर. ते तुझ्या खात्यात धर.

बाकी आज मुनीमजींना विचारलं, त्या पार्टीचं "४०" म्हणजे डझनच ना? तर म्हणतात, "डझनच, पण लग्नसराईत कधीकधी नग." बसव आता एका ओळीत.

का_बे_डेव्हलपर
मग एककाशिवाय एन्ट्रीच नाही, एजंटनं पार्टीला विचारायचं.

यंत्रमागवाला
रात्री ११ ला "नग का डझन" विचारलं तर पुढची ऑर्डर पानिपतच्या टॉवेलवाल्याकडं जाईल, बे.