बजेट दिल्लीत अडकलं की इथला प्लॉट काहून अडकते?

कापूसवाला_आर्वी
राम राम मंडळी. माही पुतणी एका सरकारी प्रकल्पावर संशोधन सहायक आहे, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं काम. २०२४च्या खरिपात पाऊस आला, बियाणं तयार होतं, पण नव्या कामाचा हप्ताच आला नाही. मजूर लावाले पैसे नाही म्हणून प्लॉट रिकामा. साहेब म्हणे, "निवडणूक होती." निवडणुकीचा अन् बोंडअळीचा काय संबंध? कोणी समजावून सांगा.

वऱ्हाडी_पेन्शनर
दादा, प्रक्षेत्रावरच नोकरी गेली माझी, म्हणून सांगतो. पैसे किती यापेक्षा कधी येतात ते पाहा. त्या वर्षी १ फेब्रुवारीला अंतरिम बजेट झालं अन् पूर्ण बजेट आलं २३ जुलैला. मधे लेखानुदान, म्हणजे पूर्ण बजेट होईस्तोवर खर्चाची तात्पुरती मंजुरी. त्यात पगार अन् चालू कामं भागतात, नव्या कामावर सही कराले कोणी धजत नाही. कपाशी जूनमधी लागते. ऑगस्टमधी लावलेल्या प्लॉटची आकडेवारी कोण मानीन? पुरं वर्ष गेलं, अन् कागदावर कपात शून्य!

त्यात अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात ७५ टक्के आयसीएआरचे (केंद्राची कृषी संशोधन परिषद), २५ टक्के राज्याचे. दिल्लीनं पैसे धाडले, पण मुंबईनं पदभरतीची परवानगी दाबून ठेवली, तर बोंडं फोडून अळ्या मोजाले माणूस कुठून आणता?

राजकारण वाईटच असते असंही नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ला झालं, ते १९६७ला लोक रस्त्यावर उतरले म्हणून. गोळीबारात माणसं गेली तेव्हा.

पीएचडीवाली
काका, नवीन भानगड वेगळी आहे. २०२३च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था. पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणून गाजावाजा झाला, पण त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योग अन् देणगीदारांकडून यायचे होते. आता सांगा, देशी कपाशीच्या सरळ वाणाचं बी शेतकरी घरीच राखतो. त्यावर कंपनी कशाला पैसे टाकेल? संकरित बियाणं दरवर्षी विकता येतं. अशा कामाला सरकारी पैसाच लागतो.

बोंडअळी_यवतमाळ
२०११पासून जीएम (जनुक बदललेल्या) पिकाच्या शेतचाचणीले राज्याची ना-हरकत लागते. चाचणी अडकते, चोरबीटी (मंजुरी नसलेलं जीएम कपाशीचं बी) मात्र बिनधास्त वावरात पोचते. चालू द्या.

कापूसवाला_आर्वी
पेन्शनर काका, मंग धरायचं कोणाले? खासदाराले का आमदाराले?

वऱ्हाडी_पेन्शनर
राज्याच्या हिश्शासाठी आमदाराले. हिवाळी अधिवेशन नागपुरात असते, पुरवणी मागण्या (बजेटनंतर मागितलेला जास्तीचा खर्च) तिथंच येतात. "संशोधनाले पैसे द्या" असं मोघम बोलू नका, नुसतं हो हो करून वाटेला लावतील. कृषी खात्याच्या मागणीत विद्यापीठाच्या २५ टक्क्यांपोटी किती धरले अन् त्यातले प्रत्यक्षात किती सोडले, एवढंच लेखी विचारा. अन् पुतणीचं नाव त्यात येऊ देऊ नका, कंत्राटी आहे ना ती?