उत्तर: लिगेटीचा सोलो व्हायोला सोनाटा

संगीतकार ग्यॉर्गी लिगेटीच्या एकट्या व्हायोलासाठी (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) रचलेल्या सोनाटातल्या ‘होरा लुंगा’ या पहिल्या भागात वादक बेसूर वाटतो, असं कुणीतरी म्हटलंय. नाही हो, ते सूर मुद्दाम उतरवलेले आहेत! व्हायोलाला नसलेली एक खर्जाची ‘एफ’ तार लिगेटीने कल्पिली आणि तिच्या स्वयंभू स्वरांवर (एका तारेतून मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांवर) धून रचली. म्हणून त्यांतला पाचवा स्वयंभू स्वर पियानोपेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), सातवा ३१ आणि अकरावा तर जवळजवळ पाव स्वराने. स्वरलिपीत त्यासाठी खाली वळलेले बाण आहेत. शिवाय अख्खा भाग एकट्या ‘सी’ तारेवर, म्हणजे व्हायोलाच्या सर्वांत खालच्या तारेवर.

तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आठवा. तो पियानोपेक्षा असाच उतरलेला असतो. तंबोरा दहा मिनिटं ऐकून मग हा भाग लावला, तेव्हा मला तो अगदी सुरेल लागला.