मदत हवी आहे : जवानांच्या भेटीसाठी कुत्रीची तयारी कोण करून घेईल?

नमस्कार मंडळी. ठाण्यात, शक्यतो वर्तकनगरच्या आसपास, थेरपी डॉगची (म्हणजे आजारी माणसांना भेटून दिलासा देणाऱ्या कुत्र्याची) स्वभावचाचणी आणि तयारी करून घेणारं कोणी ओळखीचं आहे का?

आमची चंपी लॅब्रेडोर आहे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार काका पक्षाघातानंतर फारसं बोलत नाहीत. पण ही गेली की अधू हात तिच्या पाठीवर ठेवून द्या म्हणून खुणावतात. फिजिओला टाळणारे काका तिला ब्रश करताना मात्र कंटाळत नाहीत! त्यावरून वाटलं, हिला पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये न्यावं. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी ते १९७४ पासून आहे. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारेही तिथे आहेत.

लसी वेळेवर झाल्यात, रेबीजची आणि लेप्टोचीही. अनोळखी माणसांत ती शांत असते. पण व्हीलचेअरचं चाक शेपटीला घासून गेलं, स्टीलचं भांडं दाणकन पडलं, तर? दिवाळीत बाईसाहेब पलंगाखालून बाहेर येत नाहीत. तेव्हा नुसती गोड असून भागणार नाही.

परवानगीचं पत्र थेट केंद्राला लिहायचं, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जायचं? ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी बिल्डिंगमधली मुलं शुभेच्छापत्रं करतायत, तीही सोबत न्यायचीत. फराळ न्यावा असं काहींचं म्हणणं. माझ्या मते आधी पथ्य विचारावं. रील वगैरे काढणार नाही, हे आधीच सांगते.

कोणी असं काही केलं असेल तर इथेच लिहा, नंबर मेसेजमध्ये पाठवा.