सध्याच्या बॉक्सरांमध्ये खरोखर असामान्य कोण? माझ्या मते दोघंच

डावा हुक:
डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने निवृत्ती जाहीर केली आणि 'आता सर्वोत्तम कोण' या याद्यांना ऊत आला. दहा-दहा नावं, आणि प्रत्येकापुढे 'असामान्य' हे विशेषण. हा शब्द इतक्या सढळ हाताने वाटलेला मला पटत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा वजनगट आहेत आणि प्रत्येक गटात चार मोठ्या संघटनांचे चार बेल्ट. एका वेळी साठाहून जास्त जण स्वतःला जगज्जेते म्हणवू शकतात. नुसता बेल्ट किंवा नुसतं 'अपराजित' यावरून काही ठरत नाही.

माझी कसोटी अशी: समोरचा तोडीस तोड आहे, त्याने तुमचा पुरता अभ्यास केलाय, तुम्ही ठरवून आणलेला डाव चालत नाहीये, आणि तरी त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये तुम्हाला तोड सापडते. या कसोटीला आज दोघंच उतरतात. युक्रेनचा हेवीवेट ओलेक्सांद्र उसिक आणि हलक्या वजनगटातला जपानी नाओया इनोउए.

१८ मे २०२४, रियाध. टायसन फ्युरी उसिकपेक्षा पंधरा सेंटिमीटर उंच आणि वजनाने कितीतरी भारी. मधल्या फेऱ्यांत त्याचे अपरकट, म्हणजे खालून वर मारलेले ठोसे, पोटावर आणि हनुवटीवर बसत होते, लढत उसिकच्या हातून निसटत होती. आठव्या फेरीपासून उसिकने डावा हात सोडायची वेळ बदलली. नवव्या फेरीत फ्युरी झोकांड्या खात दोरांवर गेला आणि रेफरीला आकडे मोजावे लागले. निकाल दोन विरुद्ध एक पंच असा लागला. एवढी फरपट करून मिळवलेला विजय मला दहा सोप्या नॉकआउटपेक्षा मोठा वाटतो.

इनोउएचं उदाहरण त्याच महिन्यातलं. ६ मे, टोकियो डोम. पहिल्याच फेरीत लुईस नेरीच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, तो कारकिर्दीत पहिल्यांदा खाली बसला. घाईने उठला नाही. एका गुडघ्यावर बसून आठपर्यंत आकडे ऐकले, मग उठला. दुसऱ्या फेरीत नेरी खाली, पाचव्या फेरीत पुन्हा खाली, सहाव्या फेरीत खेळ खलास.

रिंगणाबाहेर:
उसिकबद्दल सहमत, इनोउएबद्दल पूर्ण असहमत. नेरीने पाडलं ते एकदा झालं असं म्हणू. पण मे २०२५ मध्ये लास वेगासला रामोन कार्देनासनेही त्याला पाडलं, तेही डाव्या हुकनेच, आणि कार्देनासला त्या रात्री कुणी खिजगणतीत धरलेलं नव्हतं. वर्षभरात दोनदा एकाच ठोशाने खाली जाणं याला मी बचावातली भेग म्हणतो. जिंकला आठव्या फेरीत, हे मान्य.

माझा खरा आक्षेप तुमच्या कसोटीवर आहे. तुमच्या हिशोबात जो अडचणीत सापडतो त्यालाच गुण मिळतात. जो स्वतःला अडचणीत येऊच देत नाही त्याचं काय? दिमित्री बिवोल घ्या. मे २०२२ मध्ये कानेलो अल्वारेझ वजन वाढवून त्याच्या गटात आला आणि बिवोलने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांच्या जोरावर त्याला बारा फेऱ्या लांब ठेवलं. शकूर स्टीव्हन्सनला स्वच्छ ठोसा मारणं हेच एक काम आहे. हे लोक संकट येण्याआधीच टाळतात. माझ्या लेखी ती जास्त मोठी प्रतिभा.

खडकीकर:
मी तरुणपणी हौशी गटात थोडंफार खेळलोय, तेव्हा पायांकडे आधी बघायची सवय आहे. डावखुऱ्याची उजव्या हाताच्या बॉक्सरशी लढत असली की पुढच्या पावलाची जागा फार महत्त्वाची. डावखुऱ्याचं पुढचं पाऊल समोरच्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर पडलं की त्याच्या डाव्या हाताला वाट सरळ मोकळी होते आणि समोरच्याचा उजवा हात कोनाबाहेर जातो. उसिक हे बारा फेऱ्या करत राहतो, हेवीवेट असून. २०१८ मध्ये क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचे, चारही बेल्ट घेतले ते याच पायांवर. त्या गटातला वेग वर नेता आला, हे त्याचं वेगळेपण.

बिवोलला वगळून मात्र डावा हुक यांनी अन्याय केलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्तुर बेतेरबियेव्हने त्याला हरवलं. बेतेरबियेव्ह त्याआधी वीस लढती खेळला होता आणि वीसही नॉकआउटने जिंकला होता. त्या रात्री शेवटच्या फेऱ्यांत बिवोल मागे सरत गेला. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याच माणसासमोर तो उत्तरार्धात जागा धरून उभा राहिला, एकामागून एक ठोशांची लांब कॉम्बिनेशन सोडली आणि जिंकला. हे शिकणं नाही तर काय?

डावा हुक:
शिकणं आहेच, खडकीकर. पण ते चार महिन्यांच्या कॅम्पमधलं, प्रशिक्षकांसोबत चित्रफिती बघून केलेलं. मी म्हणतोय ते तीन मिनिटांच्या फेरीत आणि एक मिनिटाच्या विश्रांतीत सापडलेलं. शिवाय दोन्ही लढतींत एकेका पंचाने ११४-११४ असे बरोबरीचे गुण दिले होते. दोघंही थोर, दोघंही एकमेकांच्या जवळपास. असामान्य म्हणायला अंतर दिसावं लागतं.

रिंगणाबाहेर यांनी इनोउएच्या बचावाचा मुद्दा काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये नागोयाला त्याने काय केलं ते बघा. समोर मुरोदजोन अखमदालियेव्ह, ऑलिंपिक पदकविजेता, डावखुरा, जड हाताचा. सगळ्यांना वाटलं आता तिसऱ्यांदा पडणार. इनोउए त्या रात्री नॉकआउटच्या मागे धावलाच नाही. आत, बाहेर, पोटावर, पुन्हा बाहेर, असं बारा फेऱ्या. एकमताने निकाल. ज्याच्या ठोशाची जगभर धास्ती आहे त्याने ठोसा आवरून जिंकणं मला फार मोठं वाटतं.

तिसरी फेरी:
एवढी चर्चा झाली आणि एकाही बाईचं नाव नाही. धागालेखकांचीच कसोटी लावते. ३० एप्रिल २०२२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पाचव्या फेरीत अमांडा सेरानोने केटी टेलरला अक्षरशः धुतलं. नाकातून रक्त, पाय लटपटताहेत, लढत थांबते की काय अशी अवस्था. तिथून टेलर सावरली, पुढच्या फेऱ्यांत आधी ठोसा टाकून लगेच कोन बदलायला लागली, आणि जिंकली. महिलांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या असतात, त्यामुळे सावरायला वेळ आणखी कमी. क्लॅरेसा शील्ड्सची तर दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि तीन वजनगटांत चारही बेल्ट. क्रॉफर्डने तिसऱ्या गटात चारही बेल्ट घेतले ते सप्टेंबर २०२५ मध्ये, ती त्याच्या आधी तिथे पोचली होती. यादी 'सध्याच्या बॉक्सरांची' म्हणायची आणि निम्मा खेळ वगळायचा, हे मला खटकतं.

निळा कोपरा:
+१. आणि मोझेस इटाउमा? २००४ चा जन्म, डावखुरा हेवीवेट, ऑगस्ट २०२५ मध्ये डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. असा हातांचा वेग या वजनात मी पाहिलेला नाही.

खडकीकर:
वेग आहेच. पण व्हाइट तेव्हा ३७ वर्षांचा होता. लांब चाललेल्या, अंगावर आलेल्या लढतीत इटाउमा कसा दिसतो ते बघितल्याशिवाय मी तरी शब्द देणार नाही.

अवांतर: सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला जास्मिन लंबोरियाने ५७ किलो गटात जगज्जेतेपद घेतलं, तेही अंतिम फेरीत पॅरिस ऑलिंपिकच्या रौप्यविजेत्या युलिया शेरेमेताला हरवून. मीनाक्षी हुडाने ४८ किलोत सुवर्ण मिळवलं. आपल्याकडे दोन दिवस बातमी आली आणि संपली. हौशी बॉक्सिंगच्या तीनच फेऱ्या असतात, चूक सुधारायला जागाच नसते, त्यामुळे तिथली प्रतिभा वेगळ्या मापाने मोजावी लागेल. पण मोजा तरी.

डावा हुक:
तिसरी फेरी, टेलरचं नाव मी मान्य करतो. त्या पाचव्या फेरीनंतरचं सावरणं माझ्या कसोटीत तंतोतंत बसतं. शील्ड्सबद्दल थांबतो, कारण तिला तसं ढकलणारी प्रतिस्पर्धी फारशी भेटलेली नाही.

रिंगणाबाहेर:
म्हणजे पुन्हा तेच! शील्ड्सने इतरांना फार मागे टाकलं म्हणून तिलाच शिक्षा. बरं, तुमचीच कसोटी घेऊन एक नाव देतो, जेसी 'बॅम' रॉड्रिगेझ. जून २०२४, फिनिक्स, समोर हुआन फ्रान्सिस्को एस्ट्राडा. चौथ्या फेरीत बॅमने एस्ट्राडाला पाडलं, सहाव्या फेरीत एस्ट्राडाने बॅमला. सातव्या फेरीत बॅमने डावा हात पोटात घातला आणि लढत संपली. पडल्यापासून तोड सापडेपर्यंत एक फेरी. तुमच्या इनोउएला नेरीविरुद्ध लागल्या तेवढ्यासुद्धा नाहीत.

डावा हुक:
एस्ट्राडा ३४ वर्षांचा होता आणि दीड वर्ष रिंगबाहेर. त्या हलक्या वजनगटात ३४ म्हणजे उतार.

रिंगणाबाहेर:
नोव्हेंबर २०१९ मध्ये सैतामाला इनोउएच्या डोळ्याखालचं हाड मोडणारा नोनितो डोनेर ३६ वर्षांचा होता, आणि ती लढत इनोउएच्या थोरवीचा पुरावा म्हणून सगळेच देतात. वयाचा निकष लावायचा तर दोघांना लावा.

डावा हुक:
मी डोनेरचा दाखला दिलेलाच नाही. मी देईन तो स्टीफन फुल्टनचा. जुलै २०२३, टोकियो. फुल्टन अपराजित, दोन बेल्टचा धनी, वयाने भरात, आणि इनोउए त्या वजनात पहिल्यांदाच उतरलेला. आठव्या फेरीत संपवलं. बॅमकडे असा विजय दाखवा, लगेच नाव घालतो.

रिंगणाबाहेर:
२२ नोव्हेंबर २०२५, रियाध. फर्नांडो मार्टिनेझ, तोपर्यंत अपराजित, त्याच गटाचा बेल्टधारक. बॅमने दहाव्या फेरीत त्याला झोपवलं, आणि तोपर्यंतच्या फेऱ्याही जवळजवळ एकतर्फी होत्या. घाला नाव.